पाकिटातली खोड

जामखेड,
ता. ५ नोव्हेंबर १९७०

रा. रा. आबासाहेब व्याही, मु. बेलापूर, यांस सहादेवचा रामराम.

वि. वि. दिवाळसणाला जावईबापू आले तेव्हा आमची घोडी त्यांच्या मनात भरली होती, हे ते स्वतः बोलले नाहीत. तुमच्या निरोपातून कळलं. मुलगी दिली तिथे घोडीचं काय? तुमचा गडी भीमा परवा पोचला. दोन दिवस ठेवून घेतला. आज सकाळी घोडी घेऊन निघतो आहे. माणूस जनावराचा आहे. पहिल्याच दिवशी घोडीने त्याच्या तळव्यावरचे हरभरे खाल्ले. माझ्या थोरल्याला ती अजून जवळ येऊ देत नाही.

घोडीचं नाव पाकळी, वय सहा. आमच्या घरात तीन पिढ्या घोड्या आहेत. जनावर दुसऱ्याच्या दारी जाताना त्याची खोड लपवायची नाही, ही वडिलांची रीत. कासरा ज्याच्या हातात देत त्याच्या कानात ते खोड सांगत. मी चार बुकं शिकलो, म्हणून कागदावर लिहून देतो आणि वाचल्याचं उत्तर मागवून पेटीत ठेवतो, म्हणजे मागाहून बोल नको.

पाकळीची खोड अशी. समोर ताशा वाजो, बार उडो, ती कान हलवणार नाही. पण पाठीमागून ढोल आला की मागे मागे सरते आणि मग दुगाण्या झाडते. अशा वेळी कुणीही तिच्या मागे जाऊ नये. समोरून लगाम धरून पुढे ओढावी, डोळ्यांवर हात धरावा. दोन मिनिटांत शांत होते. एरवी गाईसारखी गरीब आहे.

हे पाकीट डिंक लावून भीमाच्याच हाती देत आहे. गड्यासमोर घरच्या जनावराचे दोष काढणं बरं दिसत नाही, म्हणून त्याला काही बोललो नाही. तुम्ही सांगालच.

साळूबाईस आशीर्वाद. उत्तर यावे.

आपला,
सहादेव


बेलापूर,
ता. १४ नोव्हेंबर १९७०

रा. रा. सहादेवराव व्याही यांस आबासाहेबाचा रामराम.

पाकळी दारात उभी राहिली आणि अर्धं बेलापूर आमच्या अंगणात लोटलं. तुमच्या पत्राला मात्र लसणाच्या चटणीचा वास येत होता! भीमाने पाकीट पाच दिवस भाकरीच्या गठुड्यात जपून आणलं. म्हणतो, खिशात घामानं भिजलं असतं. असा गडी आहे.

माझा चष्मा नगरला दुरुस्तीला टाकला होता, म्हणून माजघरात सूनबाईकडून वाचून घेतलं. पोरगी खणखणीत वाचते. खोड समजली. मागून ढोल नको, बिथरली तर मागे जायचं नाही, पुढे ओढायची. लक्षात ठेवतो. आणि आमच्या पाठीमागे ढोल वाजवायची टाप आहे कुणाची?

चष्मा आज आला, म्हणून तुमच्या पेटीसाठी हे उत्तर. सोयरिकीत पावती मागणारा व्याही आम्ही पहिल्यांदाच पाहिला. असो, घराघराची रीत.

आपला,
आबासाहेब


बेलापूर,
ता. २४ मे १९७१

रा. रा. सहादेवराव यांस रामराम.

बरेच दिवसांत पत्र नाही. ऊस बरा आहे. कारखान्याच्या निवडणुकीत उभं राहावं असा लोकांचा आग्रह चालला आहे. पाहू.

एक किरकोळ प्रसंग झाला, तो दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा मीच कळवतो. पुतण्याच्या वरातीत पाकळी नेली होती. भीमाचा तोल गेला आणि घोडीचा पाय लागला. लोक म्हणतात थोडी घेतलेली होती. सध्या निजून आहे. धान्य वगैरे घरी पोचवतो आहे. आमच्याच पदरचा माणूस, टाकून थोडाच देणार.

तुमच्याकडे जुन्या कागदांची पेटी आहे ना? पावसाळ्याच्या तोंडावर अशा पेट्यांत कसर होते. आम्ही तर दरवर्षी जुने कागद जाळून टाकतो. तुम्हीही टाकावेत.

आबासाहेब


जामखेड,
ता. ३० मे १९७१

रा. रा. आबासाहेब यांस सहादेवचा रामराम.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तीनच गोष्टी विचारतो. ढोल कुठे होता? भीमा घोडीच्या मागे कसा गेला? आणि त्याला खोड सांगितली होती ना?

तो आमच्याकडे दोन दिवस राहिला. दोन्ही दिवस जेवणानंतर सुपारीलासुद्धा हात लावला नाही. म्हणाला, घरी तोंडाला वास आला तर बायको, लंकाबाई, दार उघडत नाही. असा माणूस वरातीत पिऊन आला, हे माझ्या गळी उतरत नाही.

माझ्या पेटीत कसर नाही. डांबराच्या गोळ्या घालतो.

सहादेव


बेलापूर,
ता. १८ जुलै १९७१

रा. रा. सहादेवराव व्याही यांस रामराम.

तुम्ही मामलेदार होऊन प्रश्न विचारले, म्हणून उत्तर द्यायला उशीर केला. आता वेळ आली आहे, स्पष्ट लिहितो.

लंकाबाईने मला वकिलाची नोटीस पाठवली आहे. तिला अक्षरओळख नाही. मागे आहे तो यशया मास्तर, मिशनच्या शाळेतला. भीमाचं कंबरेखालचं अंग गेलं, त्याची भरपाई म्हणे मी द्यायची. माझ्या अन्नावर वाढलेली माणसं!

मी श्रीरामपूरच्या वकिलांना भेटलो. ते म्हणाले, बैल, घोडं ही माणसाळलेली जनावरं. त्यांनी कुणाला इजा केली म्हणून मालकाला लगेच धरता येत नाही. पण जनावराला अमुक खोड आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक होतं, असं शाबीत झालं की मालक सुटत नाही. अख्खा दावा त्या एका खुंटीवर टांगलेला आहे. आणि ती खुंटी तुमच्या पेटीत आहे.

तुमचं पत्र आमच्याकडे आता नाही. माझं उत्तर तेवढं परत पाठवा. सोबत एक ओळ लिहून द्या, की घोडी देताना तिला कुठलीही खोड नव्हती.

आनंदाची बातमी शेवटी. सूनबाईला दिवस गेलेत, पाचवा चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आम्हालाही ठाऊक आहे. पण सध्याच्या धावपळीत तिला कधी पाठवता येईल, सांगवत नाही. या कटकटीतून मोकळा झालो की लगेच पाठवीन. पुढे परत आणायची का, आणि कशी, हेही मग निवांत बोलू.

आबासाहेब


बेलापूर,
ता. २५ जुलै १९७१

तीर्थरूप आप्पांस साळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मी घरात लिहीत नाही. मास्तरांच्या मेरीबाईंकडे शिवणाच्या निमित्ताने आले आहे. त्याच पोस्टात टाकतील. मला काही त्रास नाही. जेवण मिळतं. कुणी बोलत नाही एवढंच.

मामंजींनी तुम्हाला काय लिहिलं, ठाऊक नाही. मी पाहिलं ते लिहिते. वरातीत ढोल पुढे होता. भीमादादा लगाम धरून होते. वेशीपाशी फोटोवाला म्हणाला, ढोलवाले मधे येतात, साहेब दिसत नाहीत. मामंजींनी हात केला, "ए, मागं व्हा रे सगळे!" ढोल मागे गेला. पाकळी मागे सरायला लागली. मागे बायका होत्या, पोरं होती. भीमादादांनी लगाम नवरदेवाच्या हातात दिला आणि तिला थोपटायला मागे धावले. "व्हय बाई, व्हय," म्हणत होते. त्यांचा दारूशी काही संबंध नाही.

आप्पा, तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं होतं. माजघरातून अंगण दिसतं. भीमादादा पाकळीला पाणी दाखवत होते, दहा पावलांवर. मला वाटलं, मामंजी सांगतील. नवी सून होते, गड्याशी कशी बोलणार? नंतर विसरून गेले. खरंच विसरले. वरातीत ढोल मागे आला तेव्हा आठवलं. मी गाडीत बसले होते. ओरडले, पण वाजंत्रीत कुणाला ऐकू गेलं नाही.

यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. तर म्हणाले, बापाविरुद्ध मी काय बोलू, मीच अजून त्यांच्या हाताखाली आहे.

तुम्ही काय करायचं ते मी सांगत नाही. मला न्यायला या, असंही म्हणत नाही.

तुमची,
साळू


जामखेड,
ता. ९ ऑगस्ट १९७१

आबासाहेब यांस,

तुमचं १४ नोव्हेंबरचं उत्तर या पाकिटात आहे. पाहून घ्यावं.

घोडीला खोड नव्हती, असं मात्र लिहून देणार नाही. हात धजत नाही. तशी त्याची गरजही उरली नाही. कागद नसला की माझं बोलणं म्हणजे व्याह्याव्याह्यांतलं भांडण, हे तुमच्या वकिलांना कळतं. मलाही कळतं.

आमच्या वडिलांनी कागद कधी केला नाही. ते कासरा धरणाऱ्याच्या कानात सांगत. धरणारा कोण, मालक की गडी, हे पाहत नसत. मी मालक पाहिला. तुम्ही काय केलंत ते तुम्ही जाणा. मी केलं ते हे आहे.

सातव्या महिन्यात साळूला न्यायला मी स्वतः येईन. ती दारात तयार असावी. मी आत येणार नाही, चहाचा आग्रह नको.

सहादेव


बेलापूर,
ता. २० नोव्हेंबर १९७१

सहादेवराव यांस यशया मास्तरचा सलाम.

आपली ओळख नाही. भीमाने सांगितलं तसंच पुढे लिहीत आहे, माझा शब्द घातलेला नाही.

"रामराम पाव्हनं. मी भीमा. तुमच्या घरी दोन दिस जेवलो, तो. मास्तर म्हनत्यात, आबासायबाच्या हातचा येक कागुद तुमच्यापाशी हुता, पन आता तो नसंल. मी म्हनलं, पाव्हनं तसं करायचे न्हाईत. त्यांनी मला आपल्या ताटाशेजारी बसवून जेवू घातलंय. लंकी म्हनती, तुमी येडं हाय. ती आता दुसऱ्याच्या बांधावर जाती. मी दारात पडून कोंबड्या हाकतो. बसल्या जागी तेवढंच जमतंय.

येकच इचारायचं हाय. ते पाकीट मी पाच दिस जपलं. मुळा नदी उतरताना डोक्यावर धरलं. त्यात पाकळीचं लिवलं हुतं म्हनं. पाव्हनं, मी तुमच्या म्होरं दोन दिस बसलोतो. आपन पानी, पाऊस, समदं बोललो. तेवढं तोंडानं का न्हाई सांगितलं? मी रागावून इचारीत न्हाई. नुसतं पडून ऱ्हातो, मंग तेच डोक्यात येतं."

इथे भीमाचं बोलणं संपलं. आता माझी विनंती. आमचे वकील म्हणतात, मालकाला खोड ठाऊक होती याला पुरावा नाही, तोवर दावा लावण्यात अर्थ नाही. दाव्याची मुदत अजून बरीच आहे. आपण कोर्टात येऊन तोंडी सांगाल का? आपली मुलगी कुठल्या घरात दिली आहे आणि आपली अडचण काय आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून आग्रह करत नाही. फक्त विचारतो.

यशया


बेलापूर,
ता. ११ फेब्रुवारी १९७२

रा. रा. सहादेवराव व्याही यांस आबासाहेबाचा रामराम.

नात झाल्याचं कळलं. पहिली बेटी, धनाची पेटी. आमचीही बातमी गोड आहे. कारखान्याच्या संचालक मंडळावर निवडून आलो. हार घालून घालून मान दुखते आहे. मागचं सगळं निवळलं. नोटीसवाले गप्प बसले. मास्तरची बदली होईल असं बघतो आहे. वकील म्हणतात, आता काही होत नाही.

दारात जीप आली आहे, त्यामुळे पाकळीचं काम उरलं नाही. शिवाय येणारे-जाणारे तिच्याकडे बोट दाखवून कुजबुजतात, ते बरं दिसत नाही. म्हणून तुमची घोडी तुम्हाला परत पाठवत आहे. आमचा नवा गडी कानिफनाथ घेऊन येतो आहे. खोड तुम्हीच मला लिहून कळवली होती, ती मी तुम्हाला परत काय लिहू? कानिफनाथला काही बोललो नाही. भीमाचं नाव ऐकून आधीच बिचकतो, उगाच वाटेत सोडून पळायचा.

तुम्ही वेळेला कागद दिलात, हे मी विसरलो नाही. तुमच्या पेटीवर आता माझा भरवसा बसला आहे. चैत्रात सूनबाईला आणायला आमचा चिरंजीव श्रीमंत येईल. नातीला पैंजण करून ठेवले आहेत.

आपला,
आबासाहेब


जामखेड,
ता. १८ फेब्रुवारी १९७२

यशया मास्तरांस आणि मेरीबाईंस साळूबाईचा नमस्कार.

तुमच्या नोव्हेंबरातल्या पत्राला आप्पांनी उत्तर दिलं नाही. दहा वेळा लिहायला बसले. मी बाळंतपणाला टेकले होते. माझ्याकडे पाहायचे आणि दौतीचं झाकण लावायचे. मला न्यायला येण्याआधी त्यांनी कागद परत पाठवला होता. माझी सुटका कशाच्या बदल्यात झाली, हे मला इथे आल्यावर कळलं. तेव्हापासून आम्ही दोघं पोरीबद्दल बोलतो, पावसाबद्दल बोलतो.

सोबत मामंजींचं परवा आलेलं पत्र आहे. अक्षर त्यांचं, सही त्यांची. खोड लिहून कळवली होती, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. वकिलांना दाखवा. नोव्हेंबर सत्तरमध्ये आप्पांचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, ते मी कोर्टात सांगेन. बोलावलंत की येईन, पोरीला घेऊन येईन.

याचं पुढे काय होईल ते मला ठाऊक आहे. चैत्रात मला आणायला कुणी येणार नाही. पैंजण दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीच्या पायात जातील. हे वाईट नाहीत, पण बापाच्या पुढे पाऊल टाकणार नाहीत. मी रडून घेतलं आहे, तुम्ही समजूत घालणारं पत्र पाठवू नका.

आप्पांनी मामंजींचं पत्र वाचलं, माझ्या हातात दिलं आणि शेताकडे निघून गेले. पेटीत ठेव, असं म्हणाले नाहीत.

भीमादादांना सांगा, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या घरात कुणापाशी नाही. आप्पांना मालकाचा मान राखायचा होता, मला नव्या सुनेचा पदर सांभाळायचा होता. याच्यापलीकडे काही नव्हतं. एवढ्यासाठीच झालं.

काल कानिफनाथ पाकळीला घेऊन पोचला. वीसबावीस वर्षांचा असेल. लग्नाला दोन महिने झालेत म्हणाला. मी त्याला ओसरीवर बसवलं. पाणी देण्याआधी खोड सांगितली. मागून ढोल आला तर काय करते, माणसाने कुठे उभं राहायचं, सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वैनी," तो म्हणाला, "पाच दिस मी हिला मागनंच हाकीत आनली की."

वाटेत दोन गावांत वराती लागल्या होत्या म्हणे. एकीत त्याने ढोलाच्या तालावर तिच्या पाठीवर थाप मारून तिला नाचवायचा प्रयत्न केला होता. त्या दिवशी ढोल पुढे होता.

साळूबाई,
सहादेव यांची मुलगी